घास अडकण्याआधी : अन्ननलिकेच्या कॅन्सरची फसवी लक्षणे



या पानावर आपण रक्तदाब, मधुमेह, पंडुरोग अशा अनेक आजारांविषयी बोललो. आजचा विषय मी बरेच दिवस टाळत होते, कारण तो माझ्या घरातला आहे.

माझी आत्या नगरपालिकेच्या कंत्राटावर रस्ते झाडायची. वय ५८. पहाटे चारला उठायची, तव्यावर मशेरी भाजायची, दात घासायची आणि वाफाळता कोरा चहा पिऊन झाडू घेऊन निघायची. एका वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास तिला उचकी लागू लागली. जेवताना लागायची, रात्री झोपेतूनही उठवायची. आम्ही हसून विचारायचो, "आत्या, कोण आठवण काढतंय गं तुझी?" तीही हसायची.

पुढे तिला जिना चढताना दम लागू लागला. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७.८. मी तेव्हा सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. लोहाच्या गोळ्या मीच आणून दिल्या. छातीत जळजळते म्हणाली, तेव्हा पित्ताच्या कॅप्सूलची स्ट्रिपही मीच दिली. जळजळ थांबली. तिला बरे वाटले आणि मलाही.

चार महिन्यांनी तिचा आवाज बसला. एका डॉक्टरांनी घशाचा संसर्ग समजून दोन वेळा अँटिबायोटिक दिले. शेवटी मी तिला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी स्वरयंत्र पाहिले. डावा स्वरतंतू हलत नव्हता. त्यांनी विचारले, "मावशी, गिळायला त्रास होतो का?" आत्या म्हणाली, "नाही बा." शेजारी बसलेली तिची सून सहज बोलून गेली, "आई तर वर्षभर भाकरी आमटीत कुस्करूनच खातात. दाढा पडल्यात ना त्यांच्या."

डॉक्टर क्षणभर थांबले आणि त्यांनी एंडोस्कोपी लिहून दिली. अन्ननलिकेच्या मधल्या भागात कॅन्सर होता, तोही बाहेर पसरलेला. आत्या त्यानंतर सात महिने जगली.

मी डिप्लोमा केलेली नर्स. उचकी, कमी झालेले रक्त, जळजळ, बसलेला आवाज या चारही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी त्यांना चार वेगवेगळे आजार समजले. तसे पुन्हा कुणाच्या घरात होऊ नये म्हणून हा लेख.

अन्ननलिका इतके दिवस गप्प का राहते?

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी, साधारण २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. तिच्या पुढे श्वासनलिका आणि हृदय, मागे पाठीचा कणा आणि बाजूला महाधमनी. म्हणजे छातीतल्या सर्वांत गर्दीच्या वाटेने ती खाली उतरते. हे शेजारी लक्षात ठेवा. पुढची बरीच फसवी लक्षणे या शेजाऱ्यांमुळे होतात.

ही नळी ताणली जाते. घास मोठा असला तरी ती रुंद होऊन त्याला वाट देते. त्यामुळे आत गाठ वाढू लागली तरी बराच काळ जेवण खाली उतरत राहते. ताणून दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त रुंद होणारी पोकळी १३ मिलिमीटरच्या आसपास आली, की मग घट्ट अन्न अडकायला लागते. तोपर्यंत कॅन्सर बराच वाढलेला असतो. दुसरी अडचण अशी, की जठराला आणि आतड्याला बाहेरून जे पातळ आवरण असते, ते अन्ननलिकेच्या बहुतेक भागाला नसते. त्यामुळे रोग शेजारच्या अवयवांत लवकर शिरतो.

या कॅन्सरचे मुख्य प्रकार दोन. एक वरच्या आणि मधल्या भागात होतो. त्याचा संबंध तंबाखू, दारू, अति गरम पेये आणि निकृष्ट आहार यांच्याशी आहे. दुसरा खालच्या भागात, जठराजवळ होतो. त्याचा संबंध वर्षानुवर्षे आम्ल वर येण्याशी आणि लठ्ठपणाशी आहे. आपल्या देशात पहिला प्रकार जास्त आढळतो. जगभरात २०२२ या एका वर्षात अन्ननलिकेच्या कॅन्सरचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण सापडले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार लोक दगावले. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ का आहेत, याचे मोठे कारण उशिरा होणारे निदान हे आहे.

पुस्तकातली लक्षणे

नर्सिंगला आम्हाला शिकवले ते असे : आधी भाकरी-भात अडकतो, मग मऊ खिचडी, मग पाणीसुद्धा. सोबत वजन झपाट्याने उतरते. हे बरोबरच आहे. पण काही रुग्ण दुसऱ्याच तक्रारी घेऊन दुसऱ्याच ओपीडीत जातात. त्या तक्रारी अशा :

थांबत नसलेली उचकी. फुप्फुसांखालच्या पडद्याला आणि त्याच्या नसांना चीड बसली की उचकी लागते. साधी उचकी काही मिनिटांत जाते. ४८ तासांच्या वर टिकणारी किंवा आठवडेच्या आठवडे पुन्हा पुन्हा येणारी उचकी ही आठवण नव्हे, तक्रार आहे. तिची अनेक कारणे असतात. अन्ननलिकेचा कॅन्सर हे त्यांतले एक.

बसलेला आवाज. डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस आधी छातीत उतरते, महाधमनीखालून वळसा घालते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्या मधल्या खाचेतून परत वर येते. या वाटेवर कुठेही गाठीने नस दाबली की आवाज घोगरा होतो. घसा दुखत नाही, ताप नाही, तरी आवाज तीन आठवड्यांत सुधारला नाही, तर स्वरयंत्र तपासून घ्यायलाच हवे.

पाणी पिताना ठसका. कॅन्सरने अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये भोक पाडले, तर प्यायलेले पाणी थेट फुप्फुसात जाते. कधी अडकलेले अन्न रात्री झोपेत श्वासनलिकेत उतरते. अशा माणसाला वारंवार न्यूमोनिया होतो. दर वेळी अँटिबायोटिक, दर वेळी थोडे बरे, पुन्हा तेच. प्रत्येक घोटाला ठसका लागत असेल, तर ती साधी खोकल्याची तक्रार नाही.

रक्त कमी होणे. गाठीतून रोज थोडे थोडे रक्त पोटात जाते. ते दिसत नाही. कधी शौचाला डांबरासारखे काळे होते. लक्षात ठेवा, लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, त्यामुळे खूण झाकली जाते. पाळी सुरू असलेल्या बाईचे रक्त कमी असण्याची कारणे आपल्याला माहीत असतात. पण पाळी गेलेल्या बाईचे किंवा पुरुषाचे रक्त लोहाअभावी कमी झाले, तर रक्त जाते कुठे हे शोधलेच पाहिजे. आत्याच्या बाबतीत मी हा प्रश्न विचारला नाही.

छातीत किंवा पाठीत दुखणे. छातीच्या मध्यभागी दुखते म्हणून माणूस हृदयाच्या डॉक्टरकडे जातो. ते योग्यच आहे. छातीतले दुखणे आधी हृदयाचे नाही ना, हेच पाहायचे असते. पण ईसीजी आणि बाकी तपासण्या ठीक आल्यावर "गॅस आहे" म्हणून विषय तिथेच संपतो. दोन खांद्यांच्या मधोमध, मणक्यापाशी सतत दुखत असेल, तर "ओझे उचलून पाठ भरली" म्हणून आपण मलम चोळत बसतो.

कान दुखणे. घसा आणि कान यांच्या संवेदना नेणाऱ्या नसा एकमेकींशी जोडलेल्या असतात. वरच्या भागातल्या गाठीची कळ कधी कानात जाणवते. कान आतून स्वच्छ दिसतो, तरी दुखतो. मग दुखण्याचे मूळ घशात शोधावे लागते.

मानेत गाठ. डाव्या हाडाच्या वर, मान आणि खांदा यांच्या कोपऱ्यात टणक गाठ आली, तर ती छाती-पोटातल्या कॅन्सरची पहिली दिसणारी खूण असू शकते.

तहान, बद्धकोष्ठ आणि भ्रम. काही रुग्णांत कॅन्सरमुळे रक्तातले कॅल्शियम वाढते. खूप तहान लागते, सारखी लघवी होते, पोट साफ होत नाही, मळमळते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. घरचे म्हणतात, शुगर वाढली असेल, किंवा म्हातारपण आले. रक्तातल्या कॅल्शियमची साधी तपासणी केली तर हे कळते.

अजून एक गोष्ट खास बायांसाठी. दीर्घकाळ लोह कमी असलेल्या काही स्त्रियांच्या घशाच्या खाली, अन्ननलिकेच्या तोंडाशी पातळ पडदा तयार होतो आणि घास अडकतो. नखे चमच्यासारखी खोलगट होतात, जीभ गुळगुळीत होते, ओठांचे कोपरे फाटतात. प्लमर-व्हिन्सन असे या विकाराचे नाव. तो स्वतः कॅन्सर नाही, पण पुढे त्या जागी कॅन्सर होण्याचा धोका वाढवतो. लोह भरून काढले आणि डॉक्टरांची नजर राहिली तर वेळीच सावरता येते. घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणाऱ्या बाईच्या ताटाचा प्रश्न इथे कॅन्सरपर्यंत येऊन पोचतो.

निदान कुठे चुकते?

पहिली चूक प्रश्नात आहे. "गिळायला त्रास होतो का?" असे विचारले, की आपली माणसे "नाही" म्हणतात आणि ती खोटे बोलत नसतात. त्रास हळूहळू वाढतो आणि माणूस त्याच्याबरोबर आपले जेवण बदलत जातो. भाकरी कुस्करली जाते, मटणाऐवजी नुसता रस्सा घेतला जातो, प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतो, जेवायला अर्धा तास जास्त लागतो. घरच्यांना वाटते दात गेले, वय झाले. म्हणून प्रश्न असा विचारावा : "वर्षापूर्वी भाकरी कशी खात होता आणि आता कशी खाता?"

दुसरी चूक पित्ताच्या गोळीची. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या या कॅप्सूल आम्ल कमी करतात. त्यामुळे जळजळ थांबते, गाठ मात्र वाढत राहते. दोन-तीन आठवड्यांच्या वर गोळी लागत असेल आणि वय चाळिशीच्या पुढे असेल, तर गोळी कशासाठी घेतोय हे डॉक्टरांकडून समजून घ्या. वजन उतरले असेल किंवा घास अडकत असेल, तर तेवढेही थांबू नका.

तिसरी चूक टीबीच्या बाबतीत होते. खोकला, वजन घटणे, मानेत गाठ ही सगळी टीबीचीही लक्षणे आहेत आणि आपल्या वस्त्यांत टीबी आहेच. म्हणून थुंकीची तपासणी आधी व्हायलाच हवी. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि औषधांनी फरकही पडत नाही, तर "अजून काय असू शकते?" हे डॉक्टरांना विचारा. टीबीची औषधे मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

चौथी चूक तरुण आणि बायांच्या बाबतीत. "घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते" असे बाईने सांगितले, की "टेन्शन घेऊ नका" असे उत्तर मिळते. टेन्शननेही तसे वाटते, हे खरे. पण ते तपासणीनंतर ठरवायचे असते, आधी नाही.

पाचवी अडचण तपासणीतलीच. सुरुवातीचा छोटा कॅन्सर बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत सुटू शकतो. एंडोस्कोपीत काढलेला तुकडाही कधी "कॅन्सर नाही" असा येतो, कारण गाठ वरच्या थराखालून वाढत असते किंवा तुकडा नेमका निरोगी जागेचा आलेला असतो. म्हणून एकाच वेळी अनेक तुकडे घेतात. लक्षणे तशीच राहिली तर बायोप्सी पुन्हा करतात. माझ्या वॉर्डातील एका काकांचे निदान दुसऱ्या बायोप्सीत झाले. पहिला रिपोर्ट घेऊन ते पेढे वाटत घरी गेले होते. अन्ननलिकेचे खालचे तोंड न उघडण्याचा एक वेगळा आजार असतो. जठराजवळचा कॅन्सर कधी हुबेहूब त्याचे सोंग घेतो. उतारवयात, थोड्या महिन्यांत सुरू झालेला त्रास आणि झपाट्याने उतरलेले वजन असेल, तर डॉक्टर दोन्ही शक्यता तपासतात.

एंडोस्कोपीला घाबरू नका

तोंडातून बारीक, लवचीक दुर्बीण आत घालून अन्ननलिका आतून पाहतात. आधी सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते. घशात बधिर करणारा फवारा मारतात. तपासणी साधारण पाच ते दहा मिनिटांची असते. मळमळते, उमासे येतात, पण कापाकापी नसते. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ-पिऊ नये, एवढे पथ्य. गरज वाटली तर आत आयोडीनचा फवारा मारतात. निरोगी भाग तपकिरी होतो, संशयित भाग फिका राहतो आणि तुकडा नेमका तिथून घेता येतो.

"तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" ही भीती मी प्रत्येक वस्तीत ऐकते. हे खरे नाही. पसरतो तो न तपासलेला कॅन्सर. तुकडा काढल्याशिवाय कोणता कॅन्सर आहे हे कळत नाही आणि त्याशिवाय औषध ठरत नाही. निदानानंतर सीटी स्कॅन आणि इतर तपासण्यांतून रोग किती पसरला ते पाहतात. अगदी वरच्या थरातला कॅन्सर काही वेळा दुर्बिणीतूनच काढता येतो. पुढच्या टप्प्यात केमोथेरपी, रेडिएशन आणि शस्त्रक्रिया यांचा मेळ घालतात. फार उशीर झाला असेल तर अन्नाची वाट मोकळी ठेवायला आत जाळीची नळी बसवतात.

आपल्या देशात सरकारी पातळीवर तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी मोहीम आहे. अन्ननलिकेसाठी तशी मोहीम नाही. कुणी दारात येऊन विचारणार नाही. आपल्यालाच उठून जावे लागेल.

पाचवे शील आणि आपली अन्ननलिका

तंबाखू, दारू आणि सुपारी ही कॅन्सरची सिद्ध झालेली कारणे आहेत. बिडी ओढणाऱ्याने दारूही घेतली, तर अन्ननलिकेचा धोका दोन्ही मिळून कितीतरी पटींनी वाढतो. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे आपल्या आया-बहिणींना अजून पटत नाही. "मी कुठे तंबाखू खाते, नुसते दात घासते," असे त्या म्हणतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे सातवीतल्या पोराला ठाऊक असते. अति गरम चहाबद्दलही सांगते. ६५ अंश सेल्सिअसच्या वर गरम पेये पिण्याने अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका संभवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सांगितले. चहा सोडू नका, पाच मिनिटे थांबून प्या.

पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेत घेतो. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती मनाच्या शुद्धीसाठी आहे, तशीच शरीरासाठीही आहे. पण व्यसनी माणसाला हिणवून तो सुटत नाही. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळते. तो क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवा.

ज्यांना तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर होऊन गेला आहे, त्यांनी जास्त सावध राहावे. ज्या तंबाखूने तोंड जाळले, त्यानेच अन्ननलिकाही पोळलेली असते.

घरात विचारायचे सात प्रश्न

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला, विशेषतः तंबाखू, मशेरी किंवा दारूची सवय असलेल्यांना, महिन्यातून एकदा विचारा :

१. वर्षापूर्वीसारखी भाकरी खाता येते का? घासागणिक पाणी लागते का?
२. न ठरवता वजन उतरले का? कपडे, बांगड्या सैल झाल्या का?
३. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आहे का?
४. पाणी पिताना ठसका लागतो का? न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो का?
५. उचकी दोन दिवसांच्या वर टिकते का?
६. पाळी गेल्यानंतरही, किंवा पुरुषाचे, रक्त कमी आहे का? शौच काळे होते का?
७. पित्ताची गोळी रोजची झाली आहे का?

पहिल्या प्रश्नात त्रास दिसला, तर आठवड्याच्या आत डॉक्टर गाठा आणि "एंडोस्कोपी करावी का?" हे स्वतःहून विचारा. बाकी प्रश्नांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या तरी तेच करा. एकच असेल तरी डॉक्टरांना दाखवाच. यांपैकी प्रत्येक लक्षणाची साधी कारणेही असतात. बहुतेकांना कॅन्सर निघणार नाही. पण ते तपासून कळू द्या.

डॉक्टरकडे जाताना जुने सगळे कागद एका पिशवीत न्या. आणि जेवण वाढणारी व्यक्ती सोबत न्या. आत्याचे निदान तिच्या सुनेच्या एका वाक्याने झाले.

एंडोस्कोपी ग्रामीण रुग्णालयात सहसा होत नाही. त्यासाठी जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे लागते. कॅन्सर निघाला, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही कॅन्सर रुग्णालये आहेत. खरी अडचण बुडणाऱ्या मजुरीची आणि सोबत कोण जाणार याची असते. ती वस्तीनेच सोडवायची आहे.

म्हणून एक विनंती. तुमच्या विहारात एक वजनकाटा आणि एक वही ठेवा. पौर्णिमेच्या वंदनेनंतर प्रत्येकाचे वजन लिहा. कुणाचे तीन महिने सतत उतरत असेल, तर दोघे जण त्याच्यासोबत दवाखान्यात जा. आमच्या वस्तीत आम्ही हे सुरू केले आहे. खर्च वजनकाट्याचाच झाला.

तथागतांनी दुःख आहे एवढे सांगून सोडले नाही, त्याचे कारण शोधायला शिकवले. एकट्या पडलेल्या आजारी भिक्खूला त्यांनी आनंदासोबत स्वतः अंघोळ घातली, बिछान्यावर निजवले आणि संघाला एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितले. आपणही तेवढेच करायचे आहे. शेजारच्या माणसाच्या ताटाकडे लक्ष द्यायचे आणि त्याची उचकी हसण्यावारी न्यायची नाही.

नमो बुद्धाय. जय भीम.